रजेवर गेलेलं प्रशिक्षण

बालाघाटच्या डोंगररांगेतला एक तालुका. दसरा झाला की इथली गावं रिकामी व्हायला लागतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखाने बंद होईपर्यंत, घरी राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं. बाकी दारांना कुलपं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा, सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर थेट कर्नाटकात.

या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात क्षयरोग पथकाचा कार्यभार सांभाळणाऱ्या एका वैद्यकीय अधिकारी बाईंना परदेशी फेलोशिप मिळाली, त्याचं हे प्रकरण. नावं आणि साल देत नाही. मॅडम अजून सेवेत आहेत आणि त्यांचा पर्यवेक्षक कंत्राटावर आहे, म्हणजे त्याला जास्त जपायला हवं. मी तेव्हा जिल्ह्यात प्रशिक्षणाचं काम बघत होतो. प्रस्तावावरची पहिली टिपणी माझ्या हातची. त्यामुळे पुढे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे.

प्रश्न

साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. आता हिशेब बघा. पावसाळ्यात खोकला अंगावर काढलेला माणूस ऑगस्टमध्ये थुंकी तपासायला येतो, गोळ्या सुरू होतात. ऑक्टोबर येईपर्यंत खोकला थांबतो, ताप जातो, अंगावर थोडं मांस चढतं. औषधाचा गुण दिसण्याची आणि टोळीची गाडी भरण्याची वेळ एकच. ‘बरं वाटतंय की आता,’ म्हणून माणूस निघून जातो. चार महिन्यांच्या गोळ्या इथेच राहतात. आजार पुरता मेलेला नसतो, आणि अर्धवट औषधाने तो उलटला तर पुढच्या वेळी तो त्याच गोळ्यांना जुमानेलच असं नाही.

कागदावर याची सोय आहे. ‘निक्षय’ हे क्षयरुग्णांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल २०१२ पासून आहे. रुग्णाची नोंद एका पथकाकडून दुसऱ्या पथकाकडे पाठवता येते आणि तिथला पर्यवेक्षक त्याला गोळ्या देतो. पोषणासाठी २०१८ च्या एप्रिलपासून दरमहा ५०० रुपये खात्यात जमा व्हायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पण नोंद पाठवायची तर कुठे पाठवायची हे ठाऊक हवं. रुग्णालाच ते धड माहीत नसतं. कारखान्याचं नाव कळलं तरी फड, म्हणजे तोडीची जागा, महिन्या-दोन महिन्यांत हलतो. राहायची कोपी, म्हणजे झोपडी, आज या शिवारात, उद्या दुसऱ्या. शिवाय ज्याने घाईत गाडी गाठली, तो दवाखान्यात सांगून थोडाच जाणार?

हे सगळं वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाला तोंडपाठ होतं. दुचाकीवर गावोगाव फिरणारा हा माणूस. कोणत्या वाडीवर कोणता मुकादम, कुणाची उचल किती, कोण यंदा जाणार नाही, सगळं त्याच्या डोक्यात. डोक्यातलं हे कुठल्याच रजिस्टरला लिहिलेलं नव्हतं. रजिस्टरमध्ये त्या रुग्णांपुढे एकच शेरा असायचा: ‘संपर्क होत नाही.’

मॅडमनी हाच शेरा उचलला. युरोपातल्या एका आरोग्य संस्थेच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची जाहिरात त्यांनी पाहिली होती. विषय कार्यात्मक संशोधन. म्हणजे नवं औषध शोधायचं नाही. चालू कामातल्या नोंदींमधून काम कुठे गळतंय ते शोधायचं. अट अशी, की प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागेवरचा एक प्रश्न घेऊन यावं. विमानभाडं, राहणं, जेवण संस्थेचं.

फाइल

परदेशी प्रशिक्षणाच्या संधी वाटतात तितक्या कमी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या फेलोशिप आहेत, जपानचे ‘जायका’ या सरकारी संस्थेमार्फत चालणारे अभ्यासक्रम आहेत, राष्ट्रकुलाच्या शिष्यवृत्त्या आहेत, मधल्या वयाच्या अधिकाऱ्यांसाठी १९७८ पासून चालू असलेली अमेरिकेची हम्फ्री फेलोशिप आहे. टोकियोजवळच्या कियोसेच्या क्षयरोग संशोधन संस्थेत तर १९६३ पासून जगभरचे डॉक्टर शिकायला जातात. बाहेर जाणं आणि बाहेरच्यांनी येणं दोन्ही जुनं आहे. भारत सरकारही १९६४ पासून ‘आयटेक’खाली इतर देशांच्या माणसांना इथे बोलावून शिकवतं. अडचण निराळी आहे. काही संधी सरकार नाव पाठवतं म्हणून मिळतात, काही उमेदवाराने स्वतः अर्ज केला म्हणून. नोकरीच्या हिशेबात या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि तो निवडीच्या आनंदात कुणाच्या लक्षात येत नाही. मॅडमच्याही आला नाही. माझ्या यायला हवा होता.

सरकारने पाठवलं तर ते प्रशिक्षण, म्हणजे कर्तव्यकाळ. स्वतः अर्ज करून गेलात तर ती रजा. अध्ययन रजा मिळू शकते, पण तिला सेवेची अट, बंधपत्र, आणि अभ्यासाचा शासनाला उपयोग आहे असा वरच्यांचा दाखला लागतो. शिवाय २०१० चा परकीय अंशदान कायदा आहे. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे सरकारी नोकराने परदेशात असताना परकीय पाहुणचार, म्हणजे तिकीट, राहणं, जेवण, घ्यायचं तर केंद्र सरकारची परवानगी आधी हवी. अर्ज एफसी-दोन या नमुन्यात ऑनलाइन करायचा, सोबत निमंत्रणपत्र आणि आपल्या विभागाची मंजुरी, आणि साधारणपणे निघायच्या दोन आठवडे आधी. गंमत अशी की संयुक्त राष्ट्रसंघ आणि त्याच्या संलग्न संघटना या कायद्यात परकीय स्रोतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने तिकीट दिलं असतं तर हा अर्ज लागलाच नसता. तोच डॉक्टर, तोच विषय, फक्त तिकीट काढणारा वेगळा.

निमंत्रण फेब्रुवारीत आलं, अभ्यासक्रम सप्टेंबरचा. सात महिने म्हणजे भरपूर वेळ, असं आम्ही दोघंही समजलो. प्रस्ताव योग्य मार्गाने गेला: रुग्णालयाच्या अधीक्षकांकडून जिल्ह्याला, जिल्ह्यातून विभागाला, विभागातून मुंबईला. प्रत्येक पायरीला एक त्रुटी. विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला जोडला नाही. जोडला, तर तो तीन महिन्यांपेक्षा जुना झाला. मत्ता व दायित्वाचं विवरण लागतं. निमंत्रणपत्राचं मराठी भाषांतर हवं. ते मीच एका रात्रीत केलं, आणि ‘होस्ट इन्स्टिट्यूशन’ला ‘यजमान संस्था’ लिहिलं म्हणून एका कार्यासनाने विचारलं की हे लग्नाचं निमंत्रण आहे का. हसू आलं, पण त्या हसण्यात अकरा दिवस गेले.

खरा अडसर मात्र शेवटच्या दाखल्याचा होता. ‘सदर अधिकाऱ्याच्या अनुपस्थितीत कार्यभार कोण पाहील?’ आमच्याकडे रिक्त पदांची ददात नाही, भरलेल्या पदांची आहे. शेजारच्या तालुक्यातले डॉक्टर ‘अतिरिक्त कार्यभार’ घ्यायला तयार झाले, तेही तोंडी. लेखी द्यायला त्यांनी जुलै उजाडवला. त्यांचा दोष म्हणवत नाही. त्यांच्याकडे आधीच दोन कार्यभार होते.

बदल्यांचं विनियमन आणि दिरंगाईला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा आहे. त्याच्या दहाव्या कलमात लिहिलंय की कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे एका सरकारी नोकराकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तातडीची असेल तर चार दिवस. मॅडमना हे कलम माझ्याकडून कळलं. त्यांनी विचारलं, ‘सर, मग याचा अर्ज करू का?’ मी नको म्हणालो. फाइल पुढे जायची असेल तर कायदा दाखवायचा नाही, हे आम्ही पंचवीस-तीस वर्षं नोकरी करून शिकलेलो असतो.

ऑगस्टच्या शेवटी अध्ययन रजेचा प्रस्ताव ‘पुनश्च सादर करावा’ या शेऱ्यासह परत आला. वेळ संपली होती. मग जुना मार्ग: मॅडमच्या खात्यावर अर्जित रजा होती, त्यातले छप्पन दिवस मागितले. रजा जिल्ह्याच्या पातळीवरून पुढे लगेच सरकली, परदेशी जाण्याची आणि पाहुणचाराची परवानगी कशीबशी निघायच्या आदल्या आठवड्यात हाती पडली. आम्ही पेढे वाटले. अर्जित रजा या दोन शब्दांनी पुढे काय होणार आहे याची कल्पना पेढे वाटताना कुणालाच नव्हती.

वर्ग

तिथल्या आठ आठवड्यांबद्दल मॅडम फार बोलत नाहीत. थंडी, बटाटे, आणि रोज संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल. लेक तेव्हा चौथीत होती, सासूबाई सांभाळत होत्या. पण दोन गोष्टी त्या पुन्हा पुन्हा सांगतात.

पहिली: दुसऱ्याच दिवशी शिक्षकांनी फळ्यावर ‘मद्रास’ लिहिलं. १९५६ मध्ये तिथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटनची संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून केंद्र काढलं होतं. १९५९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की घरी राहून औषध घेणाऱ्या रुग्णाला सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या खास रुग्णालयात, ठेवलेल्या रुग्णाइतकाच गुण येतो आणि घरच्यांचा धोकाही त्यामुळे वाढत नाही. जगभरची सॅनेटोरियमं रिकामी व्हायला त्या अभ्यासाचा मोठा हातभार लागला. ‘आपल्याच गावची गोष्ट ऐकायला एवढ्या लांब आले,’ असं त्यांनी मला मेसेजमध्ये लिहिलं होतं. खाली हसणारा चेहरा होता, पण राग थोडा असणारच.

दुसरी गोष्ट लेसोथोच्या परिचारिकेची. लेसोथोचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत कामाला जातात. खाणीतल्या धुळीने फुप्फुसं आधीच खराब, त्यात क्षयरोग, आणि उपचार सरहद्दीच्या एका बाजूला तर माणूस दुसऱ्या बाजूला. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांनी २०१२ मध्ये खाणकामगारांच्या क्षयरोगावर एकत्र जाहीरनामा काढला, इतका तो प्रश्न जुनाट. मॅडमनी आपला आराखडा वर्गात मांडला. त्यात पहिला रकाना होता ‘मुकादमाचा मोबाइल क्रमांक’. माणूस कुठे आहे ते मुकादमाला नक्की ठाऊक असतं, तेव्हा त्यालाच विचारायचं. परिचारिकेने हात वर केला आणि एवढंच विचारलं, की मालकाला आजार कळल्यावर तो माणसाला कामावर ठेवतो का.

मॅडम गप्प झाल्या. उत्तर त्यांना माहीत होतं. खोकणारा गडी कळला तर मुकादम कोयता मोडतो, म्हणजे जोडीला कामावरून काढतो, आणि उचल मात्र अंगावर राहते. मुळात हे पर्यवेक्षकाने चहाच्या टपरीवर केव्हाच सांगितलं होतं: ‘मॅडम, मुकादमाला फोन लावला की पेशंट गेला समजा.’ त्या तेव्हा मान हलवून पुढे गेल्या होत्या. टपरीवर तो अनुभव होता. वर्गात तोच आराखड्यातला दोष ठरला, आणि आराखडा बदलावा लागला. हुद्द्याने खालच्या माणसाचं म्हणणं परक्या देशातून फिरून आल्याशिवाय कानात शिरत नाही. ही खोड एकट्या मॅडमची नाही.

मुकादमाचा रकाना गेला. त्या जागी आलं रुग्णाच्याच हातात द्यायचं घडीचं कार्ड: निक्षय क्रमांक, कोणत्या गोळ्या, किती महिने झाले, गोळ्या संपायची तारीख, पर्यवेक्षकाचा फोन. आजाराचं नाव कार्डावर कुठेच नाही.

परत

नोव्हेंबरच्या मध्यावर मॅडम परतल्या. आल्या त्या आठवड्यात त्यांनी रजिस्टर उघडलं. त्या नसताना दसरा-दिवाळी झाली होती, टोळ्या गेल्या होत्या. अतिरिक्त कार्यभारवाल्या डॉक्टरांना आठवड्यातून एक दिवस यायला जमत होतं, तोही ओपीडीत जायचा. पर्यवेक्षक गावोगाव फिरला होता, पण नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाठवण्याआधी डॉक्टरांशी बोलायची त्याची सवय, आणि बोलायला डॉक्टर नाहीत. गळती का होते याचा अभ्यास करायला ज्या गेल्या, त्यांच्याच पथकात त्या वर्षी गळती जास्त झाली. फेलोशिपच्या अहवालात त्यांनी हे प्रामाणिकपणे लिहिलं. संस्थेने त्याचं कौतुक केलं. ज्या बाईच्या गोळ्या त्या महिन्यात बंद पडल्या, तिला त्या कौतुकाचं काय?

अहवालाची मराठी प्रत त्यांनी जिल्ह्याला दिली. आता रजेची गोष्ट आठवा. सरकारने पाठवलं असतं तर परत आल्यावर काय शिकलात ते सादर करणं भाग पडलं असतं, आणि ते ऐकून घेणंही कुणाचं तरी काम झालं असतं. या गेल्या अर्जित रजेवर. रजेवर गेलेला माणूस शिर्डीला गेला की युरोपला, कार्यालयाला त्याच्याशी देणं-घेणं नाही. त्यांच्या अहवालावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा पडला. नियमाप्रमाणे दुसरा शेरा पडूही शकत नव्हता, कारण तो कोणत्याच योजनेखाली मागवलेला नव्हता. सेवापुस्तकात छप्पन दिवस वजा झाले, प्रशिक्षणाची नोंद झाली नाही.

तरी कार्ड छापलं गेलं. तालुक्याच्या ठिकाणच्या छापखान्यात, पिवळ्या पुठ्ठ्यावर, मॅडमच्या खिशातून. पुढच्या हंगामाआधी, गणपती बसल्यापासूनच, पर्यवेक्षकाने प्रत्येक चालू रुग्णाला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: ‘यंदा जाणार का?’ हो म्हणणाऱ्याचं नाव एका दोनशेपानी वहीत. निघायच्या आधी शिल्लक दिवसांच्या गोळ्या, कार्ड, आणि ‘पोचल्यावर मिस्ड कॉल द्या’. मिस्ड कॉल आला की कारखान्याचं नाव विचारून तिथल्या पथकाला फोन, मग निक्षयवर नोंद. एक बाई दारात थांबून म्हणाली होती, ‘आवो, कारड घिऊन मी काय करू, मला वाचता येत न्हाई.’ पर्यवेक्षक म्हणाला, ‘तुम्हाला नाही वाचायचं मावशे, तिथल्या डॉक्टरला दाखवायचं. आणि त्यात आजाराचं नाव नाही, कुणालाबी दाखवा.’ ती कार्ड कमरेच्या पिशवीत घालून गेली.

एक हंगाम ही वही चालली आणि चांगली चालली. ‘संपर्क होत नाही’ हा शेरा क्वचित दिसायला लागला.

मग एप्रिल-मे आला. २००५ च्या ज्या कायद्यात फाइल सात दिवसांत पुढे सरकावी असं लिहिलंय, त्यातच एका पदावरची सर्वसाधारण मुदत तीन वर्षं ठरवली आहे आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये करायच्या असंही. मॅडमची तीन वर्षं झाली होती. कायद्याचा हा भाग मात्र दिवसाचाही उशीर न होता पाळला गेला. दुसऱ्या जिल्ह्यात, उपजिल्हा रुग्णालयात, अपघात विभागाकडे. कुणाचा कट नव्हता, आकस नव्हता. बदलीच्या यादीत प्रशिक्षणाचा रकानाच नसतो. अध्ययन रजा मिळाली असती तरी काय झालं असतं याचा मी पुष्कळ विचार केला. बंधपत्र माणसाला सरकारशी बांधतं, पदाशी नाही. शिकलेला डॉक्टर खासगी दवाखान्यात पळू नये एवढीच त्याची काळजी. सरकारातच राहून त्याचं शिक्षण वाया गेलं तर बंधपत्राचा भंग होत नाही.

माझ्या टिपणीत मी एक वाक्य घालू शकलो असतो: ‘प्रशिक्षणानंतर किमान दोन हंगाम याच पदावर ठेवावे.’ मानलं गेलं असतं की नाही ती वेगळी गोष्ट. फाइलीवर ते वाक्य असतं तर बदलीच्या वेळी अर्ज करायला मॅडमना निदान एक कागद हाताशी असता. दुसरं, निमंत्रण आलं त्याच आठवड्यात मी वरच्या कार्यालयाकडून त्यांचं नाव शासनातर्फे पाठवून घ्यायला हवं होतं, मग रजेचा प्रश्नच आला नसता. तिसरं सगळ्यात सोपं होतं आणि तेच कुणाला सुचलं नाही: कार्यभार शेजारच्या डॉक्टरांकडे देताना ‘नोंदी परस्पर पाठवण्याचे अधिकार पर्यवेक्षकास’ एवढी एक ओळ.

पर्यवेक्षक बदलला नाही, कारण त्याची बदलीच होत नाही. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा करार. त्यानेही एकदा मला विचारलं, ‘सर, असली फेलोशिप आमच्यासारख्याला असते का हो?’ अर्ज आम्ही दोघांनी मिळून उघडून पाहिला. नियमित पद कोणतं, परत आल्यावर त्याच पदावर घेण्याची नियोक्त्याची हमी आहे का, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण किती. पहिल्याच पानावर तो म्हणाला, ‘राहू द्या.’ पथकात हंगामामागून हंगाम टिकून राहिलेला माणूस हाच, आणि अर्जाच्या लेखी त्याचं पद टिकाऊ नाही.

नव्या डॉक्टरांनी वहीला हरकत घेतली नाही. तिच्यावर नजरही घातली नाही. वही चालूच राहिली.

गेल्या वर्षी मॅडमनी त्याला फोन केला. त्यांच्या नव्या जिल्ह्यात कारखाने आहेत, तिथे टोळ्या येतात, जात नाहीत. अपघात विभागात मोळीखाली सापडलेले, कोयत्याने बोट कापलेले येतात आणि त्यातलाच एखादा खोकतो. तिथल्या क्षयरोग पथकाला दाखवायला त्यांना पिवळ्या कार्डाचा नमुना हवा होता, त्यांच्याकडची प्रत बदलीच्या सामानात कुठे तरी गेली होती.

‘पाठवतो मॅडम,’ तो म्हणाला, ‘पण आता ते कार्ड नाही राहिलं. मी बदललं.’

‘काय बदललं?’

‘तुम्ही गोळ्या संपायची तारीख लिहायचा रकाना केला होता ना, तो काढला. तारीख ध्यानात राहत नाही तिकडं. आता सणं लिहितो. संक्रांतीपर्यंतच्या गोळ्या दिल्या, शिवरात्रीला फोन करायचा, होळीला थुंकी तपासायची.’

मॅडमनी विचारलं, की हे कुठे लिहून ठेवलंय का.

‘वहीत हाय की,’ तो म्हणाला. ‘तिसरी वही चालू हाय.’